औंधचे अप्पासाहेब नैरोबीत

२६ जानेवारीच्या सकाळी जगभरातल्या भारतीय दूतावासांत साधारण एकच कार्यक्रम असतो. राजदूत झेंडा फडकवतात, राष्ट्रगीत होतं, आणि राष्ट्रपतींनी आदल्या संध्याकाळी देशाला उद्देशून केलेलं भाषण जमलेल्या मंडळींना वाचून दाखवलं जातं. मग खाणंपिणं, ओळखीपाळखी. परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा समारंभ ठेवतात, तिथं राजदूतांना चार शब्द बोलावे लागतात. त्या चार शब्दांत हटकून असं येतं, की भारत ही जगातली सर्वांत मोठी लोकशाही आहे आणि लोकशाहीच्या वाटेवर चालणाऱ्या सगळ्यांच्या पाठीशी ती उभी आहे. ऐकायला बरं वाटतं. पण पाठीशी उभं राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय? शेजारीण आपल्या स्वयंपाकघरात येऊन डबे कसे लावावेत ते सांगायला लागली तर आपल्याला किती आवडतं, ते आपलं आपल्याला ठाऊक आहे. एका देशानं दुसऱ्या देशाला लोकशाही शिकवायची म्हणजे याहून फार वेगळं काही नसतं.

आम्हा सीमाभागातल्या बायकांना हा विषय पुस्तकी वाटत नाही. १ नोव्हेंबर आमच्याकडं दोन तोंडांनी येतो. बेळगावात एका रस्त्यानं राज्योत्सवाची मिरवणूक लाल-पिवळे झेंडे घेऊन निघते, दुसऱ्या रस्त्यानं काळा दिवस पाळणाऱ्यांची फेरी. मुलांना शाळेतून कुठल्या वाटेनं आणायचं ते त्या दिवशी आईला ठरवावं लागतं. २६ जानेवारीला मात्र निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणाचं कुणाशी वाकडं नसतं, प्रभातफेरी एकच. लोकांच्या राज्यात लोकांना विचारलं जातं का, कोण विचारतं, आणि विचारून ऐकतं का, हे प्रश्न आमच्याकडं चुलीपर्यंत आलेले आहेत. म्हणून या विषयावर बोलायचं तर मला दिल्ली-न्यूयॉर्क आठवत नाही. आठवतात ते औंधचे अप्पासाहेब पंत.

औंध हे सातारा जिल्ह्यातलं गाव. यमाईचं देऊळ आणि श्रीभवानी संग्रहालय बघायला अजून लोक जातात. इंग्रजी अमलात ते एका संस्थानाची राजधानी होतं. संस्थान केवढं, तर जेमतेम पाचशे चौरस मैल, ७२ गावं, आणि तीही एका जागी नाहीत. सणाच्या कापडातून उरलेले तुकडे इकडंतिकडं पडावेत तशी: औंध एकीकडं, माणदेशातलं आटपाडी दुसरीकडं, कृष्णाकाठचं कुंडल तिसरीकडं, आणि गुणदाळ तर थेट विजापूर जिल्ह्यात, कानडी मुलखात.

बेळगावकरांचं या संस्थानाशी एक जुनं नातं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी सायकलीचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर बनवले. कारखान्याची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ आणि भांडवलाला कर्ज दिलं. त्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या आज्या-पणज्यांनी वाचलेलं ‘स्त्री’ मासिक १९३० साली निघालं ते त्याच वाडीतून. म्हणजे बेळगावनं गमावलेलं औंधनं राखलं, असं म्हणायला हरकत नाही.

राजांचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. चित्रं काढणारा, कीर्तन करणारा, सूर्यनमस्काराचा प्रसार हेच आयुष्याचं काम मानणारा हा राजा. त्यांचा मुलगा अप्पासाहेब, जन्म १९१२ चा. ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ च्या सुमारास परतला. त्याच काळात मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश ज्यू इंजिनियर बंगळुरात म्हैसूर सरकारच्या वीजसामानाच्या कारखान्यात काम करत होता. पुढं तो भारतानंद या नावानं ओळखला गेला. त्याची आणि पंत मंडळींची गाठ पडली आणि त्यातून एक विचित्र कल्पना निघाली: राजानं राज्य प्रजेला देऊन टाकायचं. २३ नोव्हेंबर १९३८ ला भवानरावांनी तशी घोषणा केली. राज्यघटनेचा मसुदा घेऊन मंडळी गांधीजींकडं वर्ध्याला गेली, त्यांनी तो गावापासून वर बांधायला सांगितला. जानेवारी १९३९ मध्ये घटना लागू झाली.

तिची रचना समजायला सोपी होती. गावानं पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या प्रमुखांची मिळून तालुका समिती आणि तालुक्यांतून निवडलेल्यांची संस्थानची विधिसभा. किरकोळ तंटे गावातच तोडायचे, कोर्टासाठी औंधची पायपीट नको. जो राज्य करणार तो गावाला तोंडओळखीचा हवा, हे तिचं सूत्र होतं. आपल्या समाजाला हे नवीन वाटू नये. १८९९ मध्ये निपाणीजवळ स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली तेव्हापासून गावोगावचे श्रावक एकत्र बसून ठराव करताहेत, अध्यक्ष निवडताहेत, त्यावरून भांडताहेत आणि पुढच्या अधिवेशनाला पुन्हा एका मांडवात जेवताहेत. भांडून पुन्हा एका मांडवात बसता येणं हाच त्यातला अवघड भाग आहे, बाकी घटना-नियमावली कुणीही छापून घेतं.

औंधच्या प्रयोगात खटकण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लोकांचं राज्य आलं, पण पुढं त्याचे पंतप्रधान कोण, तर राजांचेच चिरंजीव! लोकांनी मागून मिळवलेलं स्वराज्य आणि राजानं प्रेमानं दिलेलं स्वराज्य यांत फरक राहतोच. तरीही दिलेलं पोकळ नव्हतं. १९४२ नंतर सातारा भागात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा कुंडल हे त्याचं मोठं ठाणं झालं आणि भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळत गेला. इंग्रज रेसिडेंटला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई राज्यात विलीन झालं. दहा वर्षांच्या आत प्रयोगही संपला आणि संस्थानही.

अप्पासाहेब तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. राज्य नाही, पंतप्रधानकी नाही. नेहरूंनी त्यांना त्याच वर्षी नैरोबीला धाडलं, ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतले भारताचे कमिशनर म्हणून. वसाहतीत राजदूत नसतो, म्हणून हुद्दा कमिशनरचा.

केनिया तेव्हा कसा होता? आफ्रिकन पन्नास लाखांच्या वर, हिंदी लोक लाखाच्या आसपास, गोरे सुमारे तीस हजार. उंचावरची, थंड हवेची, सुपीक जमीन फक्त गोऱ्यांसाठी राखलेली. कित्येक वर्षं आफ्रिकन पुरुषाला बोटांचे ठसे असलेलं ओळखपत्र धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवून हिंडावं लागे. कायदेमंडळात गोऱ्यांचे अकरा निवडलेले सभासद, आणि ज्यांचा देश त्यांचे फक्त चार, तेही निवडलेले नव्हेत, सरकारनं नेमलेले. राहायच्या वस्त्या, दवाखाने, शाळा, हॉटेलं, सगळं तीन रंगांत वाटलेलं. आपले हिंदी लोक मधल्या पायरीवर.

या मधल्या पायरीवर जैन होते, हे आपल्याला माहीत असायला हवं. जामनगरच्या बाजूचे हालारी विसा ओसवाल विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिकडं गेले. दुष्काळानं गेले, गरिबीनं गेले. रेल्वेच्या कडेला, जंगलातल्या वाटेवर पत्र्याच्या छपरात दुकान घातलं. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, तो शब्द आपलाच. कष्टानं, काटकसरीनं वर आलेली ही माणसं. सूर्यास्ताआधी जेवण, कांदा-लसूण नाही, जीवदया आहे. पण घरात काम करणाऱ्या आफ्रिकन माणसाला आपल्या पंक्तीला कुणी बसवत होतं का? इथल्या वाड्यांतून जे चालत होतं तेच तिथं जहाजातून उतरलं होतं. वरच्या पायरीवरचा आपल्याला हिणवतो याची टोचणी, आणि खालच्याला आपण काय करतो याकडं डोळेझाक. यात काही जैनांचं वेगळेपण नव्हतं. पटेल, लोहाणा, गोवेकर सगळे तसेच. पण आपण अनेकांताची भाषा बोलतो, म्हणून आपल्याला ते जास्त टोचायला हवं.

नेहरूंचं धोरण स्पष्ट होतं. तिथले हिंदी लोक आफ्रिकनांचे पाहुणे आहेत, त्यांनी आफ्रिकनांच्या हिताआड येऊन स्वतःसाठी सवलती मागू नयेत. हे दिल्लीत बसून म्हणणं सोपं होतं, पण नैरोबीतल्या व्यापाऱ्याच्या तोंडावर सांगायचं काम अप्पासाहेबांच्या वाट्याला आलं. राजघराण्यातला, चित्पावनाला शोभेल असा स्पष्टवक्ता देशस्थ ब्राह्मण येऊन आपल्याला समतेचं शिकवतो, हे अनेकांना रुचलं नाही. तुम्ही चार वर्षांनी बदलून जाल, आम्हाला इथं दुकान चालवायचं आहे, ही त्यांची बाजूही खोटी नव्हती.

त्यांनी केलं काय, ते मला महत्त्वाचं वाटतं. भाषणं केलीच असतील. पण पहिली गोष्ट, घराचं दार उघडलं. ज्या शहरात तीन रंगांची माणसं एका टेबलाशी बसत नव्हती तिथं कमिशनरच्या घरी ती बसायला लागली. आता असं दार उघडतं तेव्हा चुलीशी कुणीतरी असतं. त्यांच्या पत्नी डॉ. नलिनीबाई स्वतः शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर. मुत्सद्द्यांच्या इतिहासात अशा बाईच्या वाट्याला ‘पत्नीही उच्चशिक्षित होत्या’ एवढं एक वाक्य येतं. पण परक्या माणसाला घरातला माणूस करायचं काम निम्म्याहून जास्त तिचं असतं, हे आपण न वाचताही सांगू शकतो.

दुसरी गोष्ट, शिष्यवृत्त्या. आफ्रिकन विद्यार्थी भारत सरकारच्या खर्चानं हिंदुस्थानातल्या कॉलेजांत शिकायला येऊ लागले. जोमो केन्याटा, म्बियू कोइनांगे यांच्याशी अप्पासाहेबांची मैत्री झाली. किकुयू लोकांनी वर्गण्या काढून स्वतः चालवलेल्या शाळा त्यांनी बघितल्या. सरकारवर विसंबून न राहता गावानं स्वतः शाळा उभारायची, हे औंधच्या माणसाला अनोळखी वाटलं नसणार.

तिसरी गोष्ट म्हणजे विद्यापीठ. गांधीजींच्या हत्येनंतर पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी लोकांनी स्मारकासाठी पैसा गोळा केला. दुकानदारांनी, बायकांनी, सगळ्यांनी दिला. त्यातून उभारायची ती संस्था फक्त आपल्या मुलांसाठी करायची की सगळ्यांसाठी, हा खरा प्रश्न होता. ती सगळ्यांसाठी झाली. गांधी स्मारक अकादमी सरकारच्या तंत्रविद्यालयात मिळाली, १९५६ मध्ये ते सुरू झालं, आणि तेच वाढत वाढत आजचं नैरोबी विद्यापीठ झालं. तिथं गांधीजींचा पुतळा आहे. याउलट घानाचं उदाहरण बघा. २०१६ साली भारत सरकारनं अक्राच्या विद्यापीठाला गांधीजींचा पुतळा भेट दिला, खुद्द राष्ट्रपतींच्या हस्ते. गांधीजींनी तरुणपणी आफ्रिकनांविषयी जे लिहिलं ते तिथल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी काढून दाखवलं आणि २०१८ साली पुतळा हलवावा लागला. नुसता पुतळा पाठवला तर त्याच्याकडं लोक संशयानं बघतात, त्यात चूक काय?

ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी जाहीर झाली. माऊ माऊचं बंड सुरू झालं होतं. केन्याटांना पकडलं, कापेनगुरिया या आडगावी खटला चालवला. नेहरूंनी बचावाला दिवाण चमनलाल यांना पाठवलं. नैरोबीचेच ए. आर. कपिला, गोव्याचे फिट्झ डिसोझा हे वकील उभे राहिले. पुढच्या काही वर्षांत हजाराहून जास्त आफ्रिकनांना फाशी दिलं, लाखोंना छावण्यांत आणि तारेच्या कुंपणातल्या गावांत कोंडलं. २०१३ साली ब्रिटिश सरकारनं त्या छळाबद्दल खेद व्यक्त केला आणि हयात असलेल्या पाच हजारांवर लोकांना भरपाई दिली. माऊ माऊनंही माणसं मारली, जास्त करून आपलीच, आफ्रिकनच. अहिंसा हा ज्यांचा पहिला धर्म त्यांनी याचं समर्थन कसं करायचं? करू नये. मात्र कुंपणाच्या बाहेर, शेठच्या गादीवर बसून कुंपणाच्या आतल्या माणसाला अहिंसा सांगणं मलाही जमणार नाही. गांधीमार्गी अप्पासाहेबांची कुचंबणा तीच होती. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांनाच बंडामागचा हात ठरवलं, लंडननं दिल्लीकडं तक्रारी केल्या. शेवटी १९५४ मध्ये ते तिथून हलले. गंमत अशी, की त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

ते गेले, पण नैरोबीत राहिलेल्यांना पुढचं भोगावं लागलं. त्यांतला एक पियो गामा पिंटो. मूळ गोव्याचा, जन्म नैरोबीचा, आणि शिकला कुठं? आपल्या शेजारी धारवाडला, कर्नाटक कॉलेजात. गोवामुक्तीच्या चळवळीत होता, पोर्तुगीज पकडतील म्हणून केनियाला परतला आणि तिथल्या आफ्रिकनांच्या लढ्यात मिसळून गेला. १९५४ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडून मांडा बेटावर डांबलं. केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला, पिंटो खासदार झाला, आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत त्याच्या घराबाहेर, गाडीत त्याला गोळ्या घातल्या. स्वतंत्र केनियात. १९६९ पर्यंत तिथला विरोधी पक्षही बंद झाला होता. दुकानं चालवणारे आपले लोक १९६८ पासून ब्रिटनच्या वाटेला लागले. म्हणजे अप्पासाहेबांनी ज्यांना जेवायला बोलावलं त्यांनी गादीवर बसल्यावर सगळ्यांना जेवायला बोलावलं, असं झालं नाही.

अप्पासाहेब नैरोबीत होते त्याच काळात, १९५३ साली, भारताचे दुसरे एक अधिकारी सुदानमध्ये निवडणूक घ्यायला गेले. सुकुमार सेन, आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. ही मदत वेगळ्या जातीची, आणि मला जास्त पटणारी. सुदाननं कोणाला निवडावं याबद्दल सेन यांना काही म्हणायचं नव्हतं. याद्या, पेट्या, केंद्रं, मोजणी, एवढंच. हे काम ते इथं नुकतंच करून गेले होते, साडेसतरा कोटी मतदारांचं. आणि इथं त्यांना अडलं होतं ते बायकांपाशी. उत्तरेत लाखो बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. सेन यांनी ते मान्य केलं नाही. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून गेली. त्या बायकांवर अन्याय झाला असं मला वाटतं, कारण नाव घ्यायची सवय त्यांना कुणी लावली नव्हती. आपल्याही बस्तीतल्या जुन्या दानपत्रांच्या पाट्या वाचा, अमक्यांच्या मातोश्री, तमक्यांच्या धर्मपत्नी. पण सेन यांचा आग्रह तसाच ठेवला गेला म्हणून पुढच्या यादीत नावं आली, हेही खरं. सुदानात ते हा अनुभव घेऊन गेले, आपलं गुणगान घेऊन नव्हे.

बोटाला लावायची शाई आपल्याच राज्यातली. म्हैसूरच्या रंगाच्या कारखान्यात ती १९६२ पासून बनते, आणि कितीतरी परक्या देशांत तिच्या बाटल्या जातात. शाई कुणाला मत द्यायचं ते सांगत नाही, एकानं दोनदा देऊ नये एवढंच बघते.

आता अप्पासाहेबांच्या आयुष्यातला जो भाग बोलताना लोक पटकन उरकतात तो सांगते. १९५५ ते १९६१ ते गंगटोकला होते, सिक्कीम-भूतान आणि तिबेटमधल्या भारतीय कचेऱ्यांचं काम त्यांच्याकडं. १९५८ मध्ये नेहरू, इंदिराबाई आणि ते चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले. पुढच्या मार्चमध्ये ल्हासात बंड झालं आणि दलाई लामांना पळून भारतात यावं लागलं. आपण आसरा दिला, मोठी गोष्ट केली. पण केनियात गोऱ्यांना जे स्पष्ट ऐकवलं ते चीनला ऐकवता आलं नाही. इंग्रज जायला निघालेले होते, चीन शेजारी होता, सैन्यासकट. तिबेटी माणसाचा स्वराज्याचा हक्क किकुयू माणसाहून कमी होता का? नव्हता. मुत्सद्द्याला सरकारच्या सोयीनं बोलावं आणि गप्प बसावं लागतं. म्हणून २६ जानेवारीच्या भाषणातलं ते ‘पाठीशी उभे आहोत’ ऐकताना मी नेहमी मनात विचारते, कुणाच्या, आणि समोर कोण असताना?

त्यानंतर अप्पासाहेब इंडोनेशियात गेले, नॉर्वेत, इजिप्तमध्ये. १९६९ ते १९७२ लंडनला उच्चायुक्त होते, तेव्हा पूर्व आफ्रिकेतून निघालेली गुजराती, जैन कुटुंबं त्याच शहरात नव्यानं दुकानं घालत होती. मग इटली, आणि निवृत्ती. राजे-अध्यक्ष, महाल-मेजवान्या सगळं बघून झाल्यावर, मृत्यूच्या तीन वर्षं आधी, १९८९ साली त्यांनी इंग्रजीत पुस्तक काढलं ते वडिलांवर आणि औंधच्या त्या ७२ गावांवर. तोवर त्या गावांची वाटणी होऊन तेहतीस वर्षं झाली होती. कुंडल आणि आटपाडीचे मतदार मुंबईच्या विधानसभेसाठी मत देत होते, आणि एकेकाळी त्यांच्याच विधिसभेत माणसं पाठवणारे गुणदाळचे लोक बंगळुरासाठी.